बिग बँगच्या आधी काय होतं, बॉस?

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतल्या ग्रुप्सचा ठरलेला वीकेण्ड प्लॅन तुम्हाला पाठ असेल. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सकाळी दापोली. लाडघरच्या पाण्यात पाय बुडवायचे, दुपारी सुरमई थाळीवर आडवा हात मारायचा आणि ऊन उतरलं की बुरोंडीला ‘परशुराम भूमी’वर. अर्धा पृथ्वीगोल, त्यावर उभा २१ फुटी परशुराम आणि खाली पसरलेला समुद्र. फोटोसाठी यापेक्षा भारी बॅकग्राऊंड कोकणात शोधूनच काढावी लागेल.

ग्रुपमध्ये एक तरी कोकणी माणूस असतोच. तो पुतळ्याखाली उभा राहून गोष्ट सांगतो. परशुरामाने सगळी जमीन दान करून टाकली, स्वतःला राहायला जागा उरली नाही, मग त्याने सह्याद्रीवरून समुद्राच्या दिशेने बाण सोडला. समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं.

गोष्ट झकास आहे. पण जरा नीट बघा. ही ‘सुरुवाती’ची गोष्ट शून्यातून सुरू होत नाही. समुद्र आधीच होता. सह्याद्री होता, बाण होता, परशुराम होता. आणि हे सगळं घडायला लागणारा काळसुद्धा आरामात चालू होता. ‘कोकणाच्या आधी काय होतं?’ या प्रश्नाला सरळ उत्तर आहे : पाणी.

आता हाच प्रश्न अख्ख्या विश्वाबद्दल विचारा. पुतळ्याखालची भूगोलाची इयत्ता संपते आणि डोक्याला खरा शॉट लागतो!

एक्सेलमधली एरर

विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्या आहेत, हे शाळेत ऐकलेलं असतं. आता सिनेमा उलटा फिरवा. सगळं जवळ येतं, तापतं, दाटतं. सुमारे १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे १३८० कोटी वर्षं मागे गेलं, की आइनस्टाइनच्या १९१५ च्या समीकरणांनुसार घनता अनंत होते. आकार शून्य, तापमान अनंत. याला शास्त्रज्ञ ‘सिंग्युलॅरिटी’ म्हणतात.

हे काही हिशोबातल्या बारीकसारीक चुकीमुळे होत नाही. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये एक समीकरण मांडलं. त्याचा आधार घेऊन पुढे रॉजर पेनरोझ आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की, आइनस्टाइनचे नियम शेवटपर्यंत खरे मानले, तर ही सिंग्युलॅरिटी टाळता येत नाही.

पण ‘अनंत’ म्हणजे काय? एक्सेल शीटमध्ये एखाद्या आकड्याला शून्याने भागा. सेलमध्ये एरर येते. ती बघून तुम्ही बॉसला ‘सर, या क्वार्टरला आपला नफा अनंत झाला’ असं सांगता का? नाही. तुम्ही म्हणता, ‘इथे फॉर्म्युला चालत नाहीये.’

बस्स, सगळा वाद एवढ्याच वाक्यावर आहे. बिग बँगच्या क्षणी विश्व सुरू झालं, की तिथे फक्त आपला फॉर्म्युला संपला? या दोन गोष्टी एक नाहीत. आपण मात्र गप्पांमध्ये, टीव्हीवर, पाठ्यपुस्तकांतसुद्धा त्या बिनधास्त एक करून टाकतो. विश्व गरम आणि दाट अवस्थेतून आलं, याचे भक्कम पुरावे आहेत. त्या अवस्थेच्याही मागे काहीच नव्हतं, याचा पुरावा कुणाकडेच नाही.

वाळू की गालिचा?

फॉर्म्युला तिथे का संपतो? कारण आइनस्टाइनचा सिद्धांत अवकाश आणि काळाला गुळगुळीत मानतो. कुठेही तुकडा न पडणारा गालिचा. उलट अणूंच्या दुनियेत क्वांटम नियम चालतात. तिथे ऊर्जा पुड्यांमध्ये येते, नेमकेपणाची खात्री नसते, सगळं शक्यतांच्या भाषेत बोलावं लागतं. सुरुवातीचं विश्व एकाच वेळी प्रचंड जड आणि प्रचंड छोटं होतं. तिथे दोन्ही नियम लागतात आणि दोघांचं जमत नाही. हे भांडण सोडवू पाहणाऱ्या शाखेचं नाव क्वांटम गुरुत्व.

भांडण नेमकं कुठे पेटतं त्याचा आकार बघा. त्याला प्लांक लांबी म्हणतात. दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६, इतके मीटर. डोळ्यांपुढे आणायचं, तर लाडघरच्या किनाऱ्यावरचा १ मिलिमीटरचा वाळूचा कण घ्या. प्लांक लांबी फुगवून त्या कणाएवढी केली आणि त्याच हिशोबाने प्रोटॉन फुगवला, तर प्रोटॉन दहा प्रकाशवर्षांहून रुंद होईल. सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा जेमतेम सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे!

टेकडीवरून किनारा एकसंध पट्ट्यासारखा दिसतो. खाली उतरून चाललं की बोटांमध्ये वाळू जाते. अवकाशसुद्धा जवळून पाहिल्यावर वाळूसारखं निघेल का? आणि निघालं, तर ‘सुरुवाती’चं काय होईल? या प्रश्नावर आयुष्य घालवलेले तीन लोक आपल्या अगदी ओळखीतले आहेत. तिघांची उत्तरं तीन.

नारळीकर : सुरुवात कशाला हवी?

बुरोंडीच्याच दापोली तालुक्यात मुर्डी नावाचं गाव आहे. तिथे जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. साठ वर्षांनी, १९५९ मध्ये, तोच मान कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांना मिळाला.

नारळीकरांचे गुरू होते फ्रेड हॉइल. गंमत म्हणजे ‘बिग बँग’ हे नाव हॉइलनेच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना वापरलं. आणि ही कल्पना त्याला अजिबात मान्य नव्हती! १९६४ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. कुठल्याही वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, ते उरलेल्या साऱ्या विश्वाशी असलेल्या नात्यातून येतं, हे त्याचं सार. नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

आणि त्याच वर्षी, १९६५ मध्ये, दणका बसला. पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारी मंद सूक्ष्मलहरींची ऊब सापडली. बिग बँगवाल्यांनी म्हटलं, ही त्या जुन्या उष्णतेची धग. बहुतेक शास्त्रज्ञ त्या बाजूला गेले.

नारळीकर नाही गेले. ते भारतात परतले, १९७२ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले. क्वांटम नियम लावले तर ती सिंग्युलॅरिटीची एरर टळते का, यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसोबत गणितं मांडली. १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बरबिज यांच्यासोबत सुधारित सिद्धांत आणला. त्यात विश्वाला एक सुरुवात नाही. ते आकुंचन-प्रसरण करत करत एकंदरीत वाढत राहतं.

बहुमत शेवटपर्यंत त्यांच्या विरोधात राहिलं. निरीक्षणांचं पारडंही बिग बँगकडेच झुकत गेलं. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले, तोपर्यंत त्यांची हरकत तशीच उभी होती : जिथे समीकरणं मोडतात तो क्षण तुम्ही उत्तर म्हणून खपवू नका. त्यांचा पर्याय फारसा कुणी स्वीकारला नाही. त्यांच्या हरकतीवर मात्र क्वांटम गुरुत्वाची अख्खी शाखा काम करते आहे.

अष्टेकर : विश्वाची उसळी

दुसरे अभय अष्टेकर. १९४९ मध्ये शिरपूरला जन्मलेला हा माणूस मुंबईत शिकून अमेरिकेला गेला, शिकागोत १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९९३ पासून पेन स्टेट विद्यापीठात गुरुत्वाकर्षणाचं मोठं केंद्र उभं केलं.

१९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं वेगळ्या चलांमध्ये लिहून दाखवली. भौतिकशास्त्रात त्यांना आज ‘अष्टेकर चल’ म्हणतात. काय फरक पडला? तोच पत्ता, पण रस्ता असा, की क्वांटम नियमांची गाडी आत जाऊ शकेल. त्यातूनच कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आणि इतरांच्या कामाने ‘लूप क्वांटम गुरुत्व’ उभं राहिलं.

त्याचं म्हणणं असं : अवकाश गालिच्यासारखं दिसतं, कारण ते गालिच्यासारखंच विणलेलं आहे. जवळ गेलात की धागे दिसतील. क्षेत्रफळाचासुद्धा एक सर्वात छोटा तुकडा असतो, त्याच्याखाली काही नाही. तुमच्या व्हिजिटिंग कार्डाच्या १ चौरस सेंटिमीटरमध्ये असे तुकडे किती? साधारण १ वर ६५ शून्यं.

आता पुन्हा सिनेमा उलटा फिरवा. मार्टिन बोजोवाल्ड यांनी २००१ मध्ये या दिशेने पहिलं पाऊल टाकलं. २००६ मध्ये अष्टेकर, टोमाश पाव्हलोव्हस्की आणि परमप्रीत सिंग यांनी गणित पूर्ण चालवून पाहिलं. विश्व दाटत जातं, पण अनंतापर्यंत पोचत नाही. घनता पाण्याच्या १ वर ९३ शून्यं इतक्या पटीच्या आसपास आली, की क्वांटम परिणामांमुळे गुरुत्वाकर्षण ओढायच्या ऐवजी ढकलू लागतं. विश्व उसळी घेतं. म्हणजे जो आपण ‘आरंभ’ समजत होतो, तो एका आधीच्या, आकुंचन पावणाऱ्या विश्वाचा वळणाचा टप्पा ठरतो. बँग नव्हे, बाउन्स!

लगेच टाळ्या वाजवू नका. हे गणित सोप्या मॉडेलवर केलेलं आहे, सगळीकडे सारखं असलेल्या विश्वावर. खरं विश्व एवढं शिस्तीचं नाही. पण एरर देणाऱ्या सेलमध्ये पहिल्यांदाच एक मर्यादित आकडा दिसला, हे छोटं काम नाही.

पद्मनाभन : प्रश्नच बदला

तिसरे थानू पद्मनाभन. जन्म तिरुअनंतपुरमचा, पण कामाची सगळी वर्षं मुंबई आणि पुण्यातली. टीआयएफआरमध्ये नारळीकरांच्या हाताखाली क्वांटम विश्वशास्त्रावर पीएच.डी., मग १९९२ पासून आयुका, थेट सप्टेंबर २०२१ मध्ये अवघ्या ६४ व्या वर्षी निधन होईपर्यंत.

त्यांनी तिसरीच वाट धरली. हॉकिंगने १९७४ मध्ये दाखवलं होतं, की कृष्णविवरांना तापमान असतं. आता तापमान म्हणजे काय? आतल्या कणांची धावपळ. चहाच्या कपाला तापमान असतं, कारण आत असंख्य रेणू नाचत असतात. एकट्या रेणूचं ‘तापमान’ विचारलं तर प्रश्नच फिसकटतो. मग अवकाश-काळालाही तापमान असेल, तर त्याच्याही पोटात कुठलेतरी ‘रेणू’ असणार! आणि गुरुत्वाकर्षण ही मूळ गोष्ट नसून त्या रेणूंच्या गर्दीचा एकत्रित परिणाम असणार.

हे पटलं, तर मोठीच पंचाईत होते. समुद्राच्या लाटांवर कितीही बारीक गणित केलं, तरी त्यातून पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडत नाहीत. तसंच, आइनस्टाइनच्या समीकरणांना क्वांटम नियम लावून अवकाशाचे मूळ घटक कदाचित मिळणारच नाहीत. कारण आपण लाटेला धरून बसलोय, रेणूला नाही.

आणि काळ गेला कुठे?

तिघांपैकी कुणाचीही बाजू घ्या, एक भूत पाठ सोडत नाही. १९६७ मध्ये जॉन व्हीलर आणि ब्राइस डिविट यांच्या नावाने ओळखलं जाणारं, साऱ्या विश्वाचं क्वांटम समीकरण पुढे आलं. त्यात काळच नाही! घड्याळाचा काटा दाखवणारं अक्षरच गायब. बरोबर आहे म्हणा. विश्वाच्या बाहेर भिंत नाही, मग भिंतीवरचं घड्याळ कुठे टांगणार?

यावरचा एक तोडगा बुरोंडीसारख्या कोळी वस्त्यांना नवा वाटणार नाही. किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशोब आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र किती सरकला, त्यावरून पाणी कुठे असेल ते सांगायचं. इथे एका हलत्या गोष्टीने दुसऱ्या हलत्या गोष्टीचा हिशोब लागतो.

क्वांटम विश्वशास्त्रातही हेच करतात. अष्टेकरांच्या गणितात विश्वातच पसरलेलं एक क्षेत्र घड्याळ म्हणून वापरलं जातं. ‘सकाळी दहाला विश्व किती मोठं होतं?’ असं विचारायचंच नाही. ‘या क्षेत्राची किंमत अमुक होती, तेव्हा विश्व किती मोठं होतं?’ असं विचारायचं. म्हणजे काळ हा विश्वाखाली टाकलेला रूळ नाही, तो विश्वातल्या गोष्टींमधलं नातं आहे. ‘आधी काय होतं?’ यातला ‘आधी’ हा शब्दच मग तपासायला घ्यावा लागतो.

हे विज्ञान, की नुसत्या गप्पा?

इथे तुमच्यातला ऑडिटर जागा होणार. प्लांक लांबी कुठल्याही यंत्राला दिसत नाही, बिग बँग पुन्हा घडवता येत नाही. मग हे तपासायचं कसं? आणि तपासता येत नसेल, तर कीर्तनात आणि यात फरक काय?

फरक आहे, आणि तोसुद्धा नारळीकरांच्याच एका उद्योगातून छान कळतो. २००८ मध्ये त्यांनी पुण्यात सहकाऱ्यांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या. कुठली कुणाची ते ओळखा म्हटलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. छापा-काटा केला असता, तर ५० टक्क्यांच्या आसपास आलं असतं!

म्हणजे, दावा करणाऱ्याने ‘मी कुठे चुकू शकतो’ ते आधी सांगायचं आणि मग हिशोबाला उभं राहायचं. क्वांटम गुरुत्वातल्या काही कल्पना असा हिशोब देऊन चुकल्याही आहेत. अवकाश दाणेदार असेल, तर जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित वेगळ्या गतीने जाईल, असं काहींचं भाकीत होतं. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने सुमारे ७.३ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला. अतिशय वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण एवढ्या प्रवासानंतर सेकंदाभराच्या आत पोचले. त्या भाकिताचा सगळ्यात सोपा प्रकार बाद! अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की ‘उसळी’ खरी असेल, तर आकाशातल्या त्या जुन्या उबेच्या नकाशातले काही खटकणारे आकडे जरा बरे जुळतात. हा पुरावा नाही. पण हिशोबाला उभं राहणं आहे.

हाच नियम ‘आमच्या पुराणात युगांचं चक्र होतंच’ म्हणणाऱ्यांनाही लावा. शब्द जुळले म्हणून सिद्धांत जुळत नाही. पुराणकारांनी घनता काढली नव्हती.

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्याला दर तीन महिन्यांनी निकाल दाखवायचा असतो. टार्गेट, अप्रेझल, क्लोजर! या तिघांपैकी दोघांचं आयुष्य उत्तर हातात न येता संपलं आणि तिसऱ्याने १९८६ पासून चार दशकं निर्णायक पुराव्याविना काढली. हे तोट्याचं खातं आहे का? मला नाही वाटत. एका पिढीपूर्वी ‘बिग बँगच्या आधी काय?’ हा प्रश्न वर्गात विचारला, तर सर हसून खाली बसवायचे. आज त्यावर किमान तीन नीट मांडलेल्या भूमिका आहेत आणि प्रत्येकीत कुठे चूक निघू शकते ते दाखवता येतं. मूर्ख ठरवलेल्या प्रश्नाला प्रतिष्ठा मिळवून देणं, यालाही कामच म्हणतात.

कट्ट्यावर भाव खायचाय? हे लक्षात ठेवा

• ‘बिग बँग म्हणजे सुरुवात’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे विचारा : विश्वाची, की आपल्या समीकरणाच्या शेवटाची?

• नारळीकर म्हणत, सुरुवातच नाही. अष्टेकर म्हणतात, सुरुवात नव्हे, उसळी. पद्मनाभन म्हणत, आधी अवकाशाचे ‘रेणू’ शोधा, मग बोलू.

• तिघांमध्ये भांडण लावायचा मोह आवरा. आइनस्टाइनचा सिद्धांत त्या टोकाला अपुरा पडतो, यावर तिघांचंही एकमत.

• आयुका पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे सामान्य लोकांसाठी कार्यक्रम असतात. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. फोटो जरूर काढा, पण एक प्रश्नही घेऊन जा. तिथे प्रश्न विचारलेला कुणाला खटकत नाही.